न्हाणीतली उदबत्ती

देवापुढं लावायची उदबत्ती न्हाणीत लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझा साळा निघाला. लग्न ठरवताना माणूस मुलगी पाहतो, सासरा पाहतो, फार तर गोठ्यातली बैलजोडी पाहतो. साळ्याला कोणी तपासून घेत नाही. मीही घेतला नाही. लग्नात कानपिळीची वेळ आली तेव्हा नवरीचा भाऊच सापडेना. साऱ्या मांडवात हाका झाल्या. शेवटी तो आचाऱ्याच्या चुलीमागं उकिडवा बसलेला सापडला, धूर कोणीकडून येतो अन् कोणीकडं जातो ते पाहत. तसाच उठून आला आणि काजळीच्या हातानं त्यानं माझा कान पिळला. अक्षता पडल्या तेव्हा माझा एक कान काळा होता. वर मला म्हणतो, "भाऊजी, आमच्या आचाऱ्यानं चूल उलटी मांडली हाय. जेवाले उशीर होईन, राग मानू नोका." जेवायला खरंच दिवस मावळला.

मी मराठी चौथीत बसलो आणि तिथूनच उठलो, त्यामुळं मला हे छान सजवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो. हा साळा मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात बॉयलरवर होता. आधी कोळसा टाकायचा, मग नळ्या जोडायचा, मग साहेबसुद्धा त्याला विचारून चाक फिरवू लागला. पाण्यावर त्याचा जीव होता. पिण्याच्या नव्हे, तापलेल्या पाण्यावर. एकदा भुसावळचं तिकीट काढून स्टेशनावर गेला, आणि इंजिनात पाणी कसं भरतात हे ड्रायव्हरला विचारत इतका वेळ उभा राहिला, की त्याच्यासमोरून, त्याच इंजिनामागं, त्याची गाडी निघून गेली. तो तिथून बैलगाडी धरून रोहिणखेडला माझ्याकडं आला. मी म्हटलं, "काऊन रे, भुसावळले जात होता ना?" तर म्हणे, "गेलो असतो तं हे समजलं नसतं," आणि रात्रीच्या भाकरीपर्यंत मला इंजिनाचं पोट समजावून सांगत बसला. मला त्यातलं काही कळलं नाही. बायको मात्र हूं हूं करत होती. तिला आपला भाऊ कौतुकाचा. तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, तिच्याच कडेवर वाढलेला.

आमचा भाजीचा मळा. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर. चाळीस वर्षं थंडीच्या चिखलात हात घालून बायकोची बोटं आखडली होती. हिवाळ्यात सकाळी तिच्या मुठी उघडायच्याच नाहीत. ऊन पाण्यात धरल्या की हळूहळू उघडायच्या. पण ऊन पाणी करायचं म्हणजे चुलीवरचा हंडा उतरवायचा, आणि हंडा उतरवायला बोटं उघडी पाहिजेत. हा पेच माझ्या ध्यानात यायला मला तीन हिवाळे लागले असते. साळ्याच्या ध्यानात एका सकाळी आला. महिन्याभरानं आला तेव्हा खांद्यावर तांब्याच्या नळीचं मोठं वेटोळं होतं, आणि टोपीत साहेबाची चिठ्ठी. लढाईचे दिवस, तांबं दिसलं की शिपाई हटकायचा. ही नळी मोडीतली आहे आणि मी दिलेली आहे असं साहेबानं लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी पुढं दोन वर्षं त्याच्या टोपीत होती. घामानं अक्षरं गेली तरी तो ती काढून दाखवायचा.

देशमुखांकडं बंब असतो तो आम्हाला माहीत होता. पोटात पाणी भरायचं, मधल्या नळीत विस्तव, आणि तापेपर्यंत बसून राहायचं. याच्या यंत्रात पाणी साठतच नव्हतं. उंच मचाणावर रांजण, रांजणातून नळी खाली, ती पत्र्याच्या पिंपात बारा वेढे घेऊन निखाऱ्यावरून फिरायची आणि दुसऱ्या तोंडानं न्हाणीत यायची. वरची तोटी सोडली की इकडून गार शिरायचं अन् तिकडून ऊन पडायचं. मी हात घालून पाहिला, भाजला, म्हणून विश्वास बसला. तो बहिणीला म्हणाला, "बाई, आता तुले हंडा उतरवाचं काम नाही. नुसती तोटी फिरोव. थेबी मनगटानं फिरते, बोटं लागत नाही." वरच्या तोटीला त्यानं मुद्दाम, न्हाणीत हात पोचेल असा, लाकडाचा लांब दांडा बसवला होता.

मग गावात हे पसरलं आणि ज्याला त्याला वेटोळं पाहिजे झालं. इथून साळ्याचं खरं रूप दिसलं. हा माणूस यंत्र बसवण्याआधी घराची झडती घ्यायचा. हातात पेटलेली उदबत्ती घेऊन ओसरीतून शिरायचा. बायाबापड्यांना वाटायचं कोणी महाराज आले, त्या पदर सावरून हात जोडायच्या. हा देवघर ओलांडून सरळ न्हाणीत. तिथं दार लावून उदबत्ती कोपऱ्याकोपऱ्यात धरायचा आणि धुराकडं असा टक लावून पाहायचा, की जणू तो धूर त्याच्याशी बोलतोय. धूर भिंतीच्या भोकातून बाहेर गेला तर ठीक. तिथंच घोटाळला तर म्हणायचा, "पहार आना." वर एक भोक, खाली एक भोक, मगच वेटोळं. म्हणायचा, "दिसते तो धूर बरा, डोये चुरचुरले का मानूस पयते. निखाऱ्यातून जे निंगते ते दिसतबी नाही अन् वासबी येत नाही. मानूस बसल्या जागी झोपते." जमेल तिथं शेगडी भिंतीच्या बाहेरच बसवायचा. आणि ऊन पाण्याच्या तोंडाला तोटी लावायला त्याची साफ मनाई. आधी पाणी सोडा, मग विस्तव. आधी विस्तव काढा, मग पाणी बंद करा. हे तो घरातल्या प्रत्येकाकडून, म्हाताऱ्याकडूनसुद्धा, तीनदा म्हणवून घ्यायचा.

गावातल्या एका बड्या जमीनदाराला हे पटलं नाही. खालचं तोंड सदा उघडं, हे त्यांना गरिबीचं वाटलं. त्यांनी परभारे मलकापुराहून पितळेची तोटी आणून खालच्या तोंडाला बसवली, मोराच्या डोक्याची. दुसऱ्याच दिवशी अंगाला साबण लावताना त्यांनी मोराचं डोकं फिरवून पाणी थांबवलं. निखारे काही थांबले नाहीत. थोड्या वेळानं नळी गुरगुरली, मग असा आवाज झाला की वाड्यावरची कबुतरं तीन दिवस परतली नाहीत. मोर उडून छपरातून गेला. मालक साबणासकट चौकात आले. नशीब, भाजले नाहीत. साळा येऊन पाहतो तर छपराला भोक. त्यानं खिशातून उदबत्ती काढली, पेटवली, धूर त्या भोकातून सरळ वर गेला. म्हणाला, "मालक, हवा मात्र आता झकास खेळून राह्यली."

आमच्या न्हाणीची गोष्ट वेगळी होती. तिच्या मागं शेजाऱ्याचा गोठा, त्यामुळं शेगडी आतच ठेवणं भाग होतं. साळा दोन दिवस जेवला नाही धड. शेवटी त्यानं वर-खाली दोन भोकं पाडली, दार बाहेर उघडेल असं फिरवलं, आतली कडी काढून टाकली, आणि एक नियम केला जो दुसऱ्या कोणाच्या घरी नव्हता. "बाई, आंघोय होतवर तू बोलत राह्य. भाऊजी, तुमी भाईर बसजा. आवाज थांबला का दार ओढजा. बॉयलरले शिट्टी असते, तसा बाईचा आवाज." रोजची उदबत्ती लावून पाहायचं काम माझ्याकडं.

बायकोला गाणं येत नव्हतं. म्हणून ती रोज माझ्या चुका सांगायची. तांब्याभर पाण्याला एक चूक. "तुमी त्या दिसी मोताळ्याच्या बजारातून किडकी वांगी आनली, सोताच्या मळ्यात वांगी असतांनी! माह्या मावशीच्या तेराव्याले दोनदा बुंदी मांगतली. भिंतीले टेकून बसता अन् तेलाचा डाग पाडता." मी बाहेर पाटावर बसून हाव हाव म्हणायचो. शेजारी गोठ्यात धार काढणारा माणूस हसायचा. साळा आला की तोही शेजारी बसून ऐकायचा आणि मान डोलवायचा, माझ्या चुकांना नव्हे, आवाजाच्या खणखणीतपणाला.

त्या पौषात थंडी फार पडली. खालच्या भोकातून बोचरं वारं यायचं अन् अंगावर पाणी घेतलं तरी तिचे दात वाजायचे. मला ते ऐकवेना. एका सकाळी तिच्या आधी जाऊन मी खालच्या भोकात गोणपाट कोंबलं. मग उदबत्ती लावली. धूर वर भोकाकडं जाईना, तिथंच वळसे घेत राहिला. मी ते पाहिलं. वाटलं, आज वारा पडलाय. एवढंच वाटलं मला. ती आत गेली. "तुमी ना, परवाच्या दिसी मिरचीच्या वाफ्याले पानी..." इथवर आली आणि थांबली. मी आधी म्हटलं, चला, आज लवकर सुटलो. किती वेळ म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. मग शिट्टीची गोष्ट आठवली. दार ओढलं. ती भिंतीला मान टेकून बसली होती, तोटी चालू, डोळे मिटलेले. मी तिला लुगड्यात गुंडाळून अंगणात आणलं, तोंडावर गार पाणी मारलं, हाका मारल्या. लग्नानंतर पहिल्यांदा गल्लीसमोर तिचं नाव घेतलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि म्हणाली, "...दिलंच नाही."

गोणपाट मी काढून चुलीत घातलं. सांगावा मिळाला तसा दुसऱ्या दिवशी साळा धावत आला, भोकाशी बराच वेळ बसला, उदबत्ती लावली, धूर सरळ गेला. मी म्हटलं, कोळसा ओला असेल. तो म्हणाला, "असन." मी खोटं बोललो आणि ते पोटात ठेवलं.

त्यानंतर दोन हिवाळे ती रोज बोलली. मग तिला ताप आला, नऊ दिवस राहिला, आणि ती गेली. त्यात न्हाणीचा काही संबंध नव्हता, पण माझं मन तिथंच जायचं. मी वेटोळं सोडून दिलं अन् विहिरीवर गार पाण्यानं अंग धुऊ लागलो. मला खोकला लागला. कोणीतरी मलकापुरात साळ्याला सांगितलं. तो आला. चिंचेनं घासून नळी लखलखीत केली, रांजण भरला, निखारे घातले, उदबत्ती लावून पाहिली आणि माझ्या पाटावर जाऊन बसला. "जा भाऊजी. अन् बोलत राह्यजा."

आत गेलो. पाणी अंगावर आलं, ऊन, पहिल्यासारखंच. काय बोलायचं? माझ्या चुका सांगणारं माणूस गेलं होतं. बाहेरून दारावर थाप पडली. "बोला हो, नाही तं दार ओढतो!" मग माझ्या तोंडून आपोआप निघालं ते हेच, "त्या दिसी खालचं भोक म्या बुजवलं होतं. गोनपाट कोंबून. कोळसा ओला नव्हता." आता बाहेर सामसूम झाली. पाणी पडत राहिलं. मी ओरडलो, "अबे, बोल ना!"

"ठाऊक हाय मले," तो म्हणाला. "भोकात गोनपाटाचा धागा अडकेल होता. म्या तवाच बाईले इचारलं. तिनं न्हाणीत शिरतांनीच पाह्यलं होतं गोनपाट. म्हने, त्याईनं मले गार लागू नये म्हनून कोंबलं, म्या कसं काढू? अन् मले शप्पत घातली, का भाऊजीले हे कधी बोलाचं नाही."

मी तोटीचा दांडा धरून उभा राहिलो. दोन हिवाळे, रोज सकाळी. किडकी वांगी सांगितली, बुंदी सांगितली, तेलाचा डाग सांगितला. वाफ्याचं पाणी तर मरणाच्या दारातून परत येऊन सांगितलं. हे एक नाही.

नियमाप्रमाणं मी आधी निखारे ओढले, मग पाणी बंद केलं, आणि ओल्या दगडावर तसाच बसलो.

"भाऊजी?"

"हाव. हाय मी."

"मंग बोला ना."

"मिरचीच्या वाफ्याले पानी दिलं वं आज," मी म्हटलं.

बाहेरून तो म्हणाला, "हाव."