शेजारणीला विचारलं म्हणून

नमिता, तोंडावर सांगायला गेलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू पळतेस, म्हणून लिहिते. तुझीच गोष्ट तिऱ्हाइताची असल्यासारखी सांगते. मध्ये बोलू नकोस.

चारकोपच्या एका सोसायटीत नमिता नावाची बाई राहते. तिने लेकीला, प्रांजलला, शाळेत घातलंच नाही. पोरगी शिकली ती बापाच्या लेथच्या गाळ्यात, आरेच्या तबेल्यांत, ओट्यापाशी, आणि ज्याला जे येतं त्याला गाठून. अडलं की विचार, एवढंच घरातलं शिक्षण. सासू सगुणाबाई टोमणे मारायच्या, "लोक इचारतत, नात कितवीत? काय सांगू त्यांका?" नमिता हसायची आणि विषय बदलायची.

प्रांजल मुक्त विद्यालयातून दहावी झाली, चांगली झाली, अकरावीला कॉलेजात गेली. नमिताला वाटलं, सुटलो.

पहिल्याच चाचणीच्या दिवशी फोन आला. "तुमची मुलगी कॉपी करताना सापडली. उद्या येऊन भेटा. प्रवेश ठेवायचा की नाही, मग बघू."

नमिताने लाटणं बाजूला ठेवलं. नवरा, यज्ञेश, म्हणाला, "अगं, आपली पोर कॉपी करेल?"

"नाही रे. पण कॉपी म्हणजे काय, ते तिला आपण कधी सांगितलंय?"



दुसऱ्या दिवशी उपप्राचार्यांच्या खोलीत मायलेकी उभ्या. बसा म्हटलं तरी नमिता बसेना. पोरीची वाट लावतेयस, असं सगळे म्हणत आले होते. ते आता खरं ठरणार, असा तिने धसका घेतला होता.

"शेजारणीला विचारलंस?" मॅडम म्हणाल्या.

"हो. तिसरा प्रश्न कळेना. म्हटलं, तुला कळला का गं, चल मिळून बघू."

"मोठ्याने?"

"मग? हळू कशाला?"

नमिताने डोळे मिटले.

"आणि दहावीला काय केलंस?"

"तिथे आजूबाजूला प्रत्येकाचा विषय वेगळा होता. त्यांना काय विचारणार?"

 मॅडम हसू दाबून म्हणाल्या, "कॉपी करणारं कुणी एवढ्या मोठ्याने करत नाही." तिथेच बसवून तिला दुसरा पेपर दिला. तो तिने झकास सोडवला. प्रवेश वाचला. "पण पुन्हा तक्रार आली, तर माझ्या हातात काही नाही हं."

एवढ्यावर भीती जायला हवी होती. पण एका संध्याकाळी यज्ञेश गाळ्यावरून आला, प्रांजलच्या वहीत डोकावला. "कुठे अडलंय गं?"

तिने पटकन हाताने पान झाकलं. "बाबा, नको ना बघू."

दारात नमिता भांडं पुसत होती. ती पुसतच राहिली.

पोरगी कॉलेजात टिकेल, नमिता. टिकताना तिची कुणालाही विचारायची खोड जाईल, ही तुझी धास्ती, आणि मी ती खोटी म्हणणार नाही. तूच म्हणालीस, "कुंदामावशी, चला माझ्याबरोबर. चाचणी झाल्यावर तोच पेपर मुलांना एकत्र बसून सोडवू द्याल का, असं मॅडमना विचारून बघू." शनिवारी मी साडी नेसून तयार. तुझा फोन, "नको मावशी, तिचं नाव पुन्हा त्यांच्या कानावर नको." त्यानंतरचे शनिवारही असेच गेले. मॅडमकडे जायचं राहिलंय.