नियोजित रस्ता क्रमांक चार

वाल्देलिसी कोर्देइरो हे पूर्ण नाव ब्राझीलमधल्या इनाजा गावाच्या नगरपालिकेत फक्त हजेरीच्या वेळी उच्चारलं जायचं. एरवी ती सगळ्या गावाची वाल मावशी. शाळेत जेवण रांधणाऱ्या बाईला पोरं मावशीच म्हणतात, आणि हिने नदीकाठच्या शाळेत इतकी वर्षं भात-घेवडा शिजवला होता, की गावातली निम्मी तरुण मंडळी तिच्या हातचं खाऊन मोठी झाली होती. बाप नदीच्या वरच्या अंगाला जंगलात ब्राझील नट गोळा करायचा. बाराव्या वर्षी तिला गावातल्या एका व्यापाऱ्याकडे भांडी घासायला ठेवलं, ती तिथलीच झाली. लग्न, एक मुलगा, मग वैधव्य, सगळं याच चिखलात उभ्या केलेल्या लाकडी घरांमध्ये.

नगरसेवकाच्या निवडणुकीला ती उभी राहिली तेव्हा लोक हसले. लाकूडगिरणीचा मालक ओस्मारिनो याने गावभर बीअर वाटली. मावशी दारोदार जाऊन जेवलात का एवढंच विचारत फिरली. मतं तिला जास्त पडली. ओस्मारिनोही निवडून आला, पण तिच्या मागून, आणि हे त्याला आयुष्यभर पचलं नाही.

आता चार वेळा निवडून येऊन या बाईने केलं काय म्हणाल, तर पाट्या लावल्या. पूल नाही, दवाखाना नाही. रस्त्यांना नावं. त्याआधी इनाजाच्या अर्ध्या गल्ल्या सरकारी कागदावर 'नियोजित रस्ता' म्हणून पडलेल्या होत्या, पुढे नुसता क्रमांक. पत्ता नाही म्हणून विजेचं मीटर मिळायचं नाही, पेन्शनचं पत्र परत जायचं. अॅम्ब्युलन्स मागवायची तर फोन उचलणारी मुलगी नदीच्या खालच्या अंगाला, मोठ्या शहरात बसलेली. तिला 'आंब्याच्या झाडापासून डावीकडे' सांगून काय कळणार?

कायदा असा, की रस्त्याला नाव द्यायचं ते मेलेल्या माणसाचंच. जिवंत पुढाऱ्यांनी स्वतःची नावं चिकटवू नयेत म्हणून केलेला, आणि त्यांचे नमुने पाहता शहाणपणाचाच कायदा. इतर नगरसेवक मेलेले राज्यपाल आणि सेनापती शोधून आणायचे. मावशीचं म्हणणं, ज्या गल्लीत माणूस राबला त्याच गल्लीला त्याचं नाव. आसाईच्या जांभळ्या फळांचा रस काढणारी बाई, होडीवाला, गावातल्या पोरांची नाळ कापणारी सुईण. पाटीवर जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही तारखा हव्यात हा नियमही तिनेच करून घेतला. नाहीतर उद्याची पोरं यांनाही राज्यपाल समजतील, असं ती म्हणायची.

पाटी उघडायच्या दिवशी ती स्वतः कसाव्याच्या कंदाचा केक भाजून न्यायची, कॉफी करायची. घरच्यांनी पुढच्या खुर्च्यांवर बसायचं आणि गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे. जे बोलू शकत नसत, त्यांच्या पाठीवर हात ठेवून मावशी उभी राहायची.

"मावशी, मेलेल्यांची मतं गोळा करताय की काय?" ओस्मारिनोने एकदा भर सभेत विचारलं.

"तुमच्या मतदारांपेक्षा ती बरी हो," मावशी म्हणाली. "निवडून आल्यावर नोकरी तरी मागत नाहीत."

सभागृह हसलं. ओस्मारिनोही हसला, पण नंतर रेडिओवर तिला 'पाटीवाली' म्हणायचं त्याने सोडलं नाही. मावशीला ते नाव कधी लागलं नाही. तिला लागायचं ते वेगळंच.

एवढ्या गावाला नावं देणाऱ्या बाईची स्वतःची गल्ली मात्र बिननावाची होती. नियोजित रस्ता क्रमांक चार.

त्याचं कारण जोसिमार, तिचा एकुलता एक मुलगा. विशीच्या आत असतानाच तो सोन्याच्या खाणीत गेला. इथली पोरं जातातच. जंगलात कुणाच्या परवानगीशिवाय खणलेले खड्डे ते, तिथे नोंद कुणाची नसते. पहिलं वर्षभर त्याचे फोन यायचे. आई, आलो की तुला मोठा फ्रीज घेतो. मग फोन थांबले. एक परतलेला मुलगा म्हणाला, खड्ड्याची भिंत कोसळली, चारपाच जण आत होते. त्यात जोसिमार होता का, ते त्याला ठामपणे सांगता येईना. मावशीने त्या 'ठामपणे' शब्दाला जे धरलं ते सात वर्षं सोडलं नाही. त्याचे सदरे धुऊन पुन्हा घडी घालून ठेवायची. त्याच्याबद्दल कुणी विचारलं, तर तिकडे कामावर आहे म्हणून सांगायची, आणि विचारणारा मान खाली घालायचा.

गल्लीने दोनदा अर्ज दिला की आपल्या रस्त्याला जोसिमार कोर्देइरोचं नाव द्यावं. लोकांचा हेतू चांगलाच होता. तिने दुसऱ्यांच्या मेलेल्यांना एवढा मान दिला, आपण तिच्या मुलाला द्यावा. मावशीने दोन्ही वेळा अर्ज दाबून ठेवला. मग दुसरं कुणाचं तरी द्या, असं कुणी म्हटलं तर तेही तिच्याने होईना. गल्लीने एकदा मनात ते नाव ठरवलं होतं. दुसरं नाव पुढे करायचं तर लोक विचारणार, मुलाचं का नाही? मग उत्तर द्यावं लागणार. त्यापेक्षा राहू दे तसंच. तिने ते राहू दिलं. उरलेल्या गावाच्या बाबतीत हीच बाई एका पाटीसाठी कारकुनाच्या टेबलाशी दिवसभर ठाण मांडून बसायची.

त्यात मोजणीवाल्यांनी फार वर्षांपूर्वी एक घोळ घातला होता. एकाने नदीकडून क्रमांक टाकत आणले, दुसऱ्याने गिरणीकडून, आणि क्रमांक चार दोन झाले. एक मावशीची गल्ली, दुसरा गिरणीच्या मागे, जिथे ओंडक्यांशिवाय कुणी राहत नाही. मावशीला हा घोळ ठाऊक होता. गावात तो एकट्या तिलाच नीट ठाऊक होता.

मारिनेस ही मावशीच्या घरापासून तिसऱ्या घरात राहायची. मावशीच्याच हातचं जेवलेली, जोसिमारच्या वर्गातली. तिची मुलगी एलोआ तीन वर्षांची होती. एका भर दुपारी पोरीला धाप लागली, ओठ निळे पडायला लागले. नदीला ओहोटी, होड्या चिखलात रुतलेल्या. मारिनेसने फोन लावला. पलीकडच्या मुलीने रस्त्याचं नाव विचारलं. मारिनेस नियोजित रस्ता क्रमांक चार म्हणाली, आंब्याचं झाड म्हणाली, वाल मावशीची गल्ली म्हणाली. गावातली गाडी निघाली. ड्रायव्हर नवा होता. तो गिरणीच्या मागे गेला आणि ओंडक्यांमध्ये भोंगा वाजवत उभा राहिला.

मावशी तेव्हा मारिनेसच्या शेजारी, चिखलावर टाकलेल्या फळ्यांच्या वाटेवर उभी होती. भोंगा दोघींनाही ऐकू येत होता, लांबून, चुकीच्या बाजूने. मावशीला त्याच क्षणी कळलं की गाडी कुठे गेली आहे आणि का. ती धावली. सत्तरीला टेकलेली बाई, त्या डुगडुगत्या फळ्यांवरून धावत गिरणीकडे निघाली. गाडी घेऊन ती परतली तेव्हा मारिनेस पोरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती, आणि घाई करायचं काही उरलं नव्हतं.

गावाने मोजणीवाल्यांना शिव्या दिल्या, ड्रायव्हरला दिल्या. ओस्मारिनोनेही या वेळी मावशीचं नाव घेतलं नाही, एवढी माणुसकी त्याच्यातही निघाली. मावशीला कुणी काहीच बोललं नाही. ते तिला सगळ्यात जास्त जाचलं. आपल्याला कुणी तोंडावर तरी सांगावं, असं तिला वाटत होतं.

काही दिवस गेले आणि ती मारिनेसकडे गेली. उंबऱ्याशीच टेकली. मग म्हणाली, गल्लीला नाव द्यायचं ठरवलंय, एलोआचं नाव. प्रस्ताव मी मांडते.

मारिनेस भांडी विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"माझ्या पोरीचं नको," ती म्हणाली. "ती गेली हे मला माहीत आहे. मी तिला माझ्या हातांनी न्हाऊ घातलं शेवटचं. मला पाटी कशाला?"

"मग कुणाचं देऊ, बाळा?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाचं." आता ती वळली. "सात वर्षं तुम्ही त्याला धरून बसलात, मावशी, आणि आम्हीही तुम्हाला बसू दिलं. कारण तुम्ही आम्हाला जेवायला घातलंत. मी तुम्हाला शिव्या देणार नाही. पण माझ्या पोरीच्या आड लपू नका."

मावशी घरी आली ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली. या बाईने किती घरांतल्या आयांना समजावलं होतं, किती जणींचा हात धरून पाटीच्या कागदावर सही करून घेतली होती. आता तिची पाळी आली, तर तिला समजावायला कुणी नव्हतं. दुसऱ्याच्या दुःखावर हात ठेवणं आपल्याला इतकं कसं साधलं, हे तिला त्या दिवशी समजलं. ते दुसऱ्याचं होतं म्हणून.

ती कोर्टात गेली. बेपत्ता माणसाला मृत मानावं असा निकाल मिळायला महिने लागले. मग तो कागद घेऊन ती नगरपालिकेत बेलार्मिनोकडे गेली. बेलार्मिनो हा तिथला म्हातारा कारकून, तिच्या सगळ्या पाट्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. नाव घातलं, जन्मतारीख घातली आणि थांबला. कोर्टाने मृत्यूची तारीख 'अज्ञात' लिहिली होती.

"दोन्ही तारखांचा नियम तुमचाच, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "पण या खेपेला कोरी सोडू. कुणी विचारणार नाही."

मावशीने नाही म्हटलं. मग तिने एक तारीख सांगितली.

बेलार्मिनोने लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली. ही तारीख तर मागच्या वर्षीची होती. खड्डा कोसळून तेव्हा सात वर्षं होत आली होती.

"ही कशी लिहू?"

"लिहा," मावशी म्हणाली. "तोवर मी त्याला जिवंत ठेवला होता."

सभेत ठराव एकमताने झाला. ओस्मारिनोने हात वर केला, आणि तो सगळ्यांत शेवटी खाली घेतला.

पाटी लावायच्या दिवशी मावशीने नेहमीसारखा केक भाजला, पण तो जळला, आणि तिला तो वाटायची लाज वाटली. गल्लीतली सगळी माणसं फळ्यांवर उभी होती. पुढच्या खुर्च्यांवर घरच्यांनी बसायचं असतं. तिथे ती एकटी बसली. पाटीवरचं कापड काढायला कुणी पुढे होईना. शेवटी मारिनेस पुढे झाली आणि तिने ते ओढलं.

तिने नाव वाचलं, मग तारखा. दुसऱ्या तारखेशी ती अडखळली. एलोआच्या थडग्यावरच्या क्रॉसवर हीच तारीख होती. ती किती तरी वेळ पाटीकडे पाहत राहिली, आणि गल्ली तिच्याकडे. मग ती परत आली आणि मावशीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, घरच्यांच्या जागी, बसली.

मावशीने दोन शब्द बोलायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. सात वर्षांत तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. रडायचं म्हणजे कबूल करायचं, म्हणून ती रडली नव्हती.

मारिनेसने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता तरी रडा, मावशी," ती म्हणाली.

आणि वाल मावशी भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, आपल्या मुलासाठी रडली.