दहा अब्ज एक

नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी नई सडकवरच्या माझ्या दुकानात एका लग्नघराशी मांडवाच्या कनातींच्या भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि त्यांनी सांगितलेला भाव मान्य करून टाकला... आयुष्यात पहिल्यांदा. पुढे शोकसभेत या हिंदी मुलखातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "नानांच्या गणिताला मंडळाने व्यासपीठ दिलं." तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. मंडळाने दिलं नव्हतं. मी ते घेतलं होतं.

गोरखीच्या शाळेत नाना आणि मी एका बाकावर. तो गणिताचा मास्तर झाला. मी शाळा सोडून आधी दुसऱ्यांच्या खुर्च्या वाहिल्या, मग स्वतःचं टेंट हाऊस काढलं. मोठमोठ्या संख्यांचं त्याला वेड. निवृत्तीनंतर दर गणपतीत तो व्याख्यानासाठी विचारायचा आणि अध्यक्ष हसून सांगायचे, "अहो मास्तर, आकडे ऐकायला कोण थांबणार? पब्लिकला गाणी पाहिजेत." गेल्या वर्षी त्याचं हृदय कुरकुरू लागलं. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आपल्या खोलीत तो म्हणाला, "वसंता, एकदा तरी लोकांसमोर फळा मिळावा रे."

मंडपाचा भाव ठरवायला अध्यक्ष आले तेव्हा मी म्हणालो, "भाव तुमचा, वेळ माझी. आरतीआधी नानाला अर्धा तास." ते पाच मिनिटांवर अडून बसले. मी पोरांना मांडवासाठी काढलेली ताडपत्री परत गुंडाळायला सांगितली. वीस मिनिटांवर सौदा पटला.

व्याख्यानाच्या संध्याकाळी नानाने कुणाचाही मोबाइल नंबर मागितला. अध्यक्षांनी आपलाच दिला. नानाने तो फळ्यावर दोनदा जोडून लिहिला. वीस आकड्यांची संख्या झाली. "हिला एकशे एकने भागा. बाकी शून्य येईल." अध्यक्षांनी फोनवर भागाकार केला आणि फोन उंच धरला. "मास्तर, दशांश येतोय. गडबड है." लोक हसले. माझे हात शिवशिवायला लागले... नाना मात्र शांत. "अध्यक्षसाहेब, तुमच्या फोनने पंधराच आकडे आत घेतले. पाच बाहेर उभे आहेत. हाताने करा की."

बँकेतून निवृत्त झालेल्या लेलेकाकू उठल्या, खडू घेतला आणि एकेक आकडा खाली उतरवत गेल्या. शेवटी शून्य. मागून एक मुलगी म्हणाली, "नाना, अब मेरा लो." मग तिच्या आईचा नंबर. पुन्हा शून्य. तेव्हा नानाने कारण सांगितलं. दहा आकडी नंबर दोनदा लिहिणं म्हणजे त्याला दहा अब्ज एकने गुणणं. आणि दहा अब्ज एक ही संख्याच एकशे एकने पूर्ण भागली जाते. "म्हणून नंबर कुणाचाही चालतो. चपराशाचा, नाहीतर अध्यक्षांचा." मांडव टाळ्यांनी दणाणला. वीस मिनिटं केव्हाच संपली होती. अध्यक्ष घड्याळ दाखवायला लागले तर लेलेकाकू म्हणाल्या, "तुम्ही बसा हो जरा." आरती उशिरा झाली. बाप्पाची काही तक्रार आली नाही.

शोकसभेत मला बोलू दिलं नाही, म्हणून हे इथे लिहिलं. बाकी दुकान चालू आहे. बुकिंगला आलेलं गिऱ्हाईक मोबाइल नंबर सांगतं आणि माझा हात तो दोनदा लिहितो. "दो बार क्यों, भाईसाब?" मी खुर्ची पुढे सरकवतो. "बैठिए. भाव बाद में करेंगे."