आर्टिस्टअण्णांनी केलेला वाढदिवस

आर्टिस्टअण्णांना मोकळी जागा बघवत नसे. कोऱ्या भिंतीसमोर ते जरा जास्त वेळ उभे राहिले की घरमालक धास्तावायचा. दुकानाची पाटी रंगवायला दिली, तर नावाच्या एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला कमळ आणि खाली हात जोडलेली बाई फुकटात यायची. आमच्या गल्लीतल्या सायकल दुकानावरही ती बाई होती. "ही कोण?" असं मालकानं विचारलं, तर अण्णा म्हणाले, "स्वागताला नको व्हय कोन?"

पुढे फ्लेक्स आले. अण्णा ब्रश ठेवून कॉम्प्युटरवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागले आणि "अजून एक बसतंय की" असं त्याच्या कानाशी म्हणत राहिले. कोल्हापुरात तेव्हा कुणाचाही वाढदिवस चौकात लागायचा. मध्ये गॉगल घातलेली उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. या कामात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता.

माझ्या वडिलांचा उद्यमनगरात कारखाना होता. वैरण कापायच्या कडबाकुट्टी मशिनी आम्ही बनवायचो. मोठ्या कंपन्यांचा माल बाजारात आला आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. पुण्याच्या शेती प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा, तिथं जमलं तर ठीक, नाहीतर कारखान्याला कुलूप, असं वडिलांनी घरात सांगून टाकलं. आईच्या आमटीत त्यानंतर कधी मीठ नसायचं, कधी दोनदा असायचं. स्टॉलचा बॅनर अर्थातच अण्णांकडे गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पुण्यात आम्ही गुंडाळी उलगडली. मधोमध वडील, अंगावर शाल, आणि जन्मात कधी न घातलेला गॉगल. खाली कारखान्यातल्या सगळ्या कामगारांचे चेहरे, त्यांत आमचा चहावालासुद्धा. मशिन कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. वडिलांनी तिथूनच फोन लावला.

"अण्णा, मशिन कुठं हाय माझी?"

"मशिन तर तितं हुबीच हाय की! तिचा परत फोटू कशाला? मालक कोन, बनवनारी कोन, ते नको व्हय दिसाय?"

"आनि गॉगल?"

"डोळं लई बारीक आलंतं तुमचं."

दुसरा बॅनर करायला वेळ नव्हता. तोच टांगला. पहिल्याच पाहुण्यानं वर पाहिलं आणि वडिलांचा हात धरून म्हणाला, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" वडील त्याला समजावत बसले. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. दुपारपर्यंत ते दमले आणि नुसतं "आभारी आहे" म्हणू लागले. शेजारच्या ठिबकवाल्यानं हार आणला. मी पेढे आणले, कारण पेढा तोंडात असलेला माणूस लगेच पाठ फिरवत नाही. तेवढ्यात वडील मशिनीत वैरण सारून दाखवायचे. पेठ वडगावचा एक शेतकरी बराच वेळ ते बघत होता. "आज तुमाला न्हाय कसं म्हनायचं, मालक? वाडदिस हाय तुमचा," म्हणत त्यानं पहिली ऑर्डर दिली. मग रांगच लागली. कारखाना वाचला. परत येताना वडिलांनी खरोखरीचा गॉगल विकत घेतला.

वडिलांच्या जन्माची खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. मास्तरांनी शाळेत एक जून लावून टाकली होती. त्यामुळे पुढे आम्ही प्रदर्शनाचीच तारीख धरली. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, आणि अण्णा सकाळीच हजर व्हायचे. "म्या केलाय ह्यो वाडदिस," असं ऐकवून पेढ्यांचा पुडा स्वतःकडे ओढायचे. वडीलही ओढू द्यायचे. त्या माणसावर त्यांचा फार जीव होता.

अण्णा गेले त्या वर्षीही मी सवयीनं पेढे आणायला निघालो. वडिलांनी दारातच अडवलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "औंदा वय वाढवायचं न्हाय."