तिथं हवाच नाय

शहागंजमध्ये मोटार रिवाइंडिंगच्या दुकानासमोर वार्निशचा वास आला आणि माझे पाय उगाच भरभर पडायला लागले. वडिलांच्या, अण्णांच्या, शर्टाला हाच वास असायचा.

दर रविवारी जपानी कार्टूनमधलं अवकाशयान शत्रूची जहाजं फोडायचं आणि दर रविवारी अण्णा म्हणायचे, "तिथं हवाच नाय, मग आवाज कुठून येतो?" एकदा वैतागून मी टीव्हीचा आवाज पार बंद केला. "घ्या, आता झालं बरोबर?"

जहाज गपचूप फुटलं. अण्णा चुळबुळले. पुढचं फुटलं तेव्हा माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "धुडूम."

मी हसले नाही. रागातच होते.

आज घरी येऊन चपलाही न काढता तोच भाग फोनवर लावला, आवाज बंद केला. जहाज फुटलं. घरात कुणीच काही बोललं नाही.