घाटात समोरून बस आली तर

मी स्वित्झर्लंडला कधीच गेलेले नाही, पण तिथे गाडी कशी चालवायची ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दिवसाउजेडीही हेडलाइट चालू ठेवायचे. लाल सिग्नलला उजवीकडे वळायचं नाही. इथे मिशिगनमध्ये आपण थांबतो, बघतो आणि बिनदिक्कत वळतो, तिथे ते चालत नाही. चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हायवेला टोलनाके नाहीत. वर्षाचा एकच टोल, त्याचा स्टिकर काचेवर लागतो. आम्ही शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर देशी सामान आणायला जातो तेव्हा वाटेतले कॅमेरे आपलं आपण बघून घेतात, टोल मागाहून कापला जातो. तिकडे काचेवर स्टिकर नाही म्हणजे दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम घाटातला. चढणाऱ्याला मान. उतरणाऱ्याने थांबायचं, जागा नसेल तर त्यानेच मागे जायचं. समोरून पोस्टाची पिवळी बस आली तर वादच नाही, बसचा ड्रायव्हर सांगेल तसं वागायचं.

हे सगळं मी पाठ केलं, कारण त्या गाडीत माझी आई आणि माझी मुलगी अशा दोघी असणार होत्या, आणि मी नसणार होते.

आई नागपूरला असते. तिला अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला, परत अर्ज केला, परत नाकारला. मी इथे ॲन आर्बरला. मुलीचा जन्म इथला. तिने एकविशी ओलांडल्यावर माझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, आणि वकीलबाईंनी बजावलं, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका. म्हणजे आईला इथे येता येत नव्हतं आणि मला तिकडे जाता येत नव्हतं. मोकळी होती फक्त मुलगी. तिने आणि आईने माझ्यामागे फोनवर परस्पर ठरवलं की दोघींनी तिसऱ्याच देशात भेटायचं. आजीला बर्फ बघायचा होता. नातीला आजी बघायची होती.

"अगं, ट्रेनने फिरा," नवरा म्हणाला. "जगातल्या सगळ्यात चांगल्या ट्रेन आहेत तिथे."

"आईचे गुडघे तुझे आहेत का?" मी म्हटलं. प्रत्येक स्टेशनवर चढउतार, बॅगा, आणि तिला दर थोड्या वेळाने बाथरूमला जावं लागतं. गाडीच बरी. हे मीच ठरवलं, आणि आजही माझं मत तेच आहे. पण ठरवून टाकल्यावर मी नकाशावरचे घाट मोजत बसले. नागपूर सपाट आणि मिशिगनही सपाट. आईने आयुष्यात पाहिलेला घाट म्हणजे चिखलदऱ्याचा, आणि तिथे तिला प्रत्येक वळणावर उलटी व्हायची. मुलीने पाहिलेला चढ म्हणजे पार्किंगच्या इमारतीतला.

मग मी मुलीला रोज फोनवर नियम सांगू लागले. ती भांडी घासत असेल, कपडे घडी करत असेल, मी सांगत राहायचे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, खालचा गिअर टाकायचा. ब्रेक तापले की लागत नाहीत.

"आई, आय नो."

"काय नो? सांग बरं, समोरून पिवळी बस आली तर?"

"आय बॅक अप. आय क्राय. आय कॉल माय मदर."

"शेवटचं करू नकोस," मी म्हटलं.

पण तिने तेच केलं. म्हणजे फोन मीच केला होता, खरं सांगायचं तर. रोज सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की मी त्यांना फोन करत असे. तिकडे तेव्हा दुपार असायची, दोघी जेवून कुठेतरी कॉफी पीत बसलेल्या असायच्या. पहिले दिवस चांगले गेले. आईने स्टिकरचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, "तुझा टोल". तळ्याकाठचा फोटो पाठवला, त्यात तिने स्वेटरवर शाल आणि शालीवर मुलीचं जॅकेट घातलं होतं. मी बॉसच्या मीटिंगला उशिरा जाऊ लागले.

त्या दिवशी फोन उचलला गेला तेव्हा मागे इंजिनाचा आवाज होता. गाडीच्या स्पीकरवर होत्या.

"कुठे आहात?"

"उतरतोय," आई म्हणाली. "वर बर्फ पाहिला. हातात घेतला. मळका होता."

"कुठला रस्ता?"

"मला काय माहीत? अरुंद आहे. माझ्या बाजूला भिंत आहे, म्हणून मी डोळे उघडे ठेवलेत."

म्हणजे दरी मुलीच्या बाजूला. मी म्हटलं, "गिअर खालचा आहे ना?"

"येस, आई." तिचा आवाज पातळ झाला होता. लहानपणी डॉक्टरकडे सुई टोचून घेताना व्हायचा तसा. त्याच क्षणी मी फोन ठेवायला हवा होता, पण अशा वेळी हात फोन सोडत नाही.

मग मला तो भोंगा ऐकू आला. तीन सुरांचा, लांबून, कड्यावर आपटून येणारा. मी त्याबद्दल वाचलं होतं. पोस्टाच्या बस आंधळ्या वळणावर तो वाजवतात. वाचताना मला तो गमतीदार वाटला होता.

"बस," आई म्हणाली. "पिवळी."

"ओ गॉड. ओ गॉड, इट्स ह्यूज."

"थांबलीस ना तू?" मी म्हटलं. "पूर्ण थांब आधी."

"आय स्टॉप्ड. ही इज वेव्हिंग. तो मागे जा म्हणतोय. आजी, मागे काय आहे?"

"मागे रस्ता आहे," आई म्हणाली. "आणखी काय असणार?"

मागे एका वळणाआधी रुंद जागा होती, तिथून त्या नुकत्याच आल्या होत्या. तिथपर्यंत चढावर, उलटं, दरीच्या कडेने जायचं होतं. मुलगी आयुष्यभर फक्त कॅमेऱ्यात बघून रिव्हर्स घेत आली आहे. मी म्हटलं, कॅमेऱ्यात बघू नकोस, मान वळव. मग म्हटलं, कॅमेऱ्यातही बघ. हळू घे. स्टिअरिंग जास्त फिरवू नकोस. भिंतीकडे चिकटून राहा. मी बोलत होते आणि मला कळत होतं की मी फार बोलतेय, पण गप्प बसले तर गाडी खाली जाईल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

सेन्सर वाजू लागला. टुक, टुक, टुक. आईने काच खाली केली असणार, कारण वाऱ्याचा आवाज आला, आणि मग धप धप. ती दाराच्या पत्र्यावर तळहात मारत होती. आपल्याकडे गाडी मागे घेताना मारतात तशी.

"येऊ दे," आई म्हणत होती. "येऊ दे, येऊ दे..."

"आजी, डोन्ट बँग! प्लीज!"

"मी सांगतेय नं तुला, जागा आहे. येऊ दे..."

मी डोळे मिटून घेतले होते. माझी गाडी पार्किंगमध्ये उभी, इंजिन चालू, आणि माझा उजवा पाय ब्रेकवर. किती जोरात, ते मला नंतर कळलं. पाय पोटरीपर्यंत बधिर झाला होता. मागचे लाल दिवे पेटलेले. या देशात पार्किंगमध्ये मागचे दिवे पेटले की त्याचा अर्थ एकच, ही गाडी निघतेय. माझ्या मागे एक माणूस जागेसाठी इंडिकेटर लावून थांबला होता. सकाळच्या त्या वेळी आमच्या पार्किंगमध्ये जागा मिळणं म्हणजे लॉटरी. तो थांबला, थांबला, आणि शेवटी त्याने हॉर्न मारला.

इथे लोक हॉर्न वाजवत नाहीत. वाजवला तर लांबलचक वाजवतात.

तो आवाज माझ्या फोनमधून गेला आणि त्या गाडीच्या स्पीकरमधून बाहेर पडला. मुलगी किंचाळली. टायर घासल्याचा आवाज आला. सेन्सरची टुकटुक एकदम सलग झाली, एकच लांब सूर. तिला वाटलं, मागून गाडी आली.

"मागे कोण आहे? आजी, हू इज बिहाइंड मी?"

"कोणी नाही! कोणी नाही मागे!"

आईला घाबरून ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. वडील गेले तेव्हाही ती खालच्या आवाजात बोलत होती.

मी फोन कापला.

विचार करून कापला असं नाही. मागचा माणूस पुन्हा हॉर्न मारणार हे मला दिसलं, आणि तो मारायच्या आत बोट पडलं. त्याने मारलाच. मग शेजारी येऊन काच खाली केली. "मॅम, तुम्ही निघताय की नाही?"

"नाही," मी म्हटलं. त्याने माझा चेहरा पाहिला आणि पुढे काही न विचारता निघून गेला.

फोनमधल्या नकाशावर मुलीचा ठिपका होता. पांढऱ्या रेषेवर, वळणाच्या अलीकडे. तो हलत नव्हता. ठिपका न हलण्याचे अर्थ दोनच असतात, आणि दोन्हींत तो अगदी सारखाच दिसतो. मी ब्रेकवरून पाय काढला. इंजिन बंद केलं. पुन्हा फोन लावायला बोट गेलं आणि मी फोन शेजारच्या सीटवर उलटा ठेवला. कारण ती अजून रिव्हर्समध्ये असेल तर? घंटी वाजेल, ती खाली बघेल. मी तिला मदत करू शकत होते ती एवढीच, आणि इतकी वाईट मदत मी आयुष्यात कुणाला केली नाही. लिफ्टकडे जाणारे लोक हातात कॉफी घेऊन माझ्यासमोरून जात होते. मला त्या सगळ्यांचा राग आला.

फोन आला तो आईचा, तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून.

"गाडी कुठे लागली नाही," ती म्हणाली. "बस गेली. ड्रायव्हरने हात केला."

मी गाडीचं दार उघडून पाय बाहेर टाकले.

"तो हॉर्न तुझ्याकडचा होता नं?"

"हो."

"वाटलंच मला. नंतर वाटलं. आधी वाटलं, संपलं. पोरगी गाडीतून उतरून दगडावर बसलीय. रडतेय. रडू दे थोडी. तू बोलत होतीस तोवर तिची गाडी वाकडी जात होती. फोन बंद झाला आणि सरळ आली."

"आई..."

"दोष देत नाही. सांगतेय. अजून बराच उतार आहे. आता तू फोन करायचा नाहीस. खाली पोचलो की आम्ही करू. कळलं?"

"आणि नाही आला तर?"

"येईल," ती म्हणाली, आणि ठेवून दिला.

त्या सकाळी मीटिंगमध्ये काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी होकारार्थी मान हलवत होते असं बाजूची म्हणाली. फोन आला तेव्हा मी जागेवरूनच उठले आणि बाहेर गेले. त्या खाली पोचल्या होत्या. मुलगी म्हणाली, "आई, मी ओके आहे," अगदी मराठीत, आणि मग म्हणाली, "उद्या अजून एक पास आहे, म्हणजे घाट. हॉटेलचं बुकिंग पलीकडचं आहे, जावंच लागेल. यू आर नॉट कमिंग."

म्हणजे फोनवर. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढलीच नाही. बसने गेले. फोन बॅगेच्या तळाशी ठेवला, डब्याखाली. आमच्या रस्त्यावर उन्हाळ्यात कायम काम चाललेलं असतं. नारिंगी पिंपं लावून अर्धा रस्ता अडवलेला होता, एकच गाडी जाईल एवढी वाट. झेंडा दाखवणारा माणूस कुठेतरी गेला असावा. आमची बस त्या वाटेत शिरली आणि समोरून एक छोटी गाडी आली.

मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते. बसच्या मोठ्या काचेतून ती गाडी फारच लहान दिसत होती. आत एक तरुण मुलगी होती. तिने बस पाहिली, मग मान मागे वळवली आणि गाडी मागे घेऊ लागली. एकदा पिंपाकडे गेली, थांबली, सरळ केली. बसमधलं कुणीतरी वैतागून उसासलं.

आमच्या ड्रायव्हरबाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "टेक युअर टाइम, हनी," त्या काचेकडे बघत म्हणाल्या. त्या मुलीला ते ऐकू जाणार नव्हतं. त्यांनी हॉर्नला हात लावला नाही.

मी घड्याळ बघितलं नाही. माझा पाय सीटखालच्या लोखंडी दांडीवर दाबला गेला होता, तो मी उचलून खाली ठेवला. ती गाडी हळूहळू मागे गेली, पिंपं संपली तिथे बाजूला झाली, आणि आम्ही तिच्या शेजारून पुढे गेलो. त्या गाडीतल्या मुलीचा चेहरा घामेजलेला होता. तिने वर पाहिलं नाही.

स्टॉप आला, मी उतरले, ऑफिसच्या दारापर्यंत गेले. आत न जाता बाहेरच्या कट्ट्यावर बसले. बॅग मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले, म्हणजे घाट उतरून त्यांचा फोन आला तर हातांना कळेल.

बराच वेळ काही कळलं नाही. मग कळलं.