चांगल्या घरची गाठ

मी आज जो काही आहे तो सावद्याच्या शाळेतल्या चौधरी सरांमुळे, आणि जळगावच्या दवाखान्यात आडवा झालो तोही त्यांच्यामुळेच.

आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. (आधीच्या पिढ्यांनी केळी लावली आणि सुखात राहिल्या.) इंग्रजी शब्द दिसला की मी पान उलटायचो. सर म्हणायचे, "शब्दाचं आडनाव बघ. आडनाव कळलं की घर कळतं." 'बेने' हे लॅटिन घराणं, म्हणजे चांगलं. बेनिफिट त्यातलाच, बेनेव्हॉलंट म्हणजे दुसऱ्याचं चांगलं चिंतणारा, बेनेडिक्शन म्हणजे आशीर्वाद. समोरच्या गल्लीत 'मॅल' राहतात, सगळे वाईट. मलेरिया त्यांचाच.

गेल्या वर्षी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मानेवरची गाठ तपासायला दिली. रिपोर्ट मोबाइलवर आला, डॉक्टर मात्र सोमवारी भेटणार होते. रिपोर्टात दोन शब्द होते : बिनाइन ट्युमर. दुसरा शब्द घरात सगळ्यांना ठाऊक होता. आईने गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून बसली. संध्याकाळपर्यंत बोदवडची आत्या आली, धुळ्याचे नाना आले, आणि प्रत्येकाने आजाऱ्यासाठी डझनभर केळी आणली. केळीच्या बागाईतदाराच्या घरी!

मी सगळ्यांना समजावलं, की बिनाइन हा 'बेने'च्याच घरातला, मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. नानांनी शांतपणे केळं सोललं.

"गाठ चांगला घरनी शे म्हनस? मंग सोयरीकच करी टाकूत."

लोक हसले. आई हसली नाही. आत्याने विचारलं, तुझे सर डॉक्टर आहेत का? मी म्हटलं, नाहीत, पण शब्दाच्या सात पिढ्या त्यांना पाठ आहेत. आबांना काही होणार नाही, ज्याला रडायचं असेल त्याने बागेत जाऊन रडावं. मग आबांनी हळूच विचारलं, "नक्की ना रे?"

"नक्की."

सोमवारी जीप भरून आम्ही जळगावला गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. काढून टाकू, काळजी नको." आबांनी माझ्याकडे पाहिलं. आता डॉक्टरांनाही लॅटिन सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि नंतर दिसला तो छताचा पंखा. आबा माझे तळपाय चोळत होते, आत्या ती केळी मलाच भरवत होती आणि नाना विचारत होते, "ह्या चक्करनं आडनाव काय शे, डॉक्टर?"

घरी येताच मी सरांना पत्र लिहिलं :

"सर, शिरसाष्टांग नमस्कार. आबांची गाठ साधी निघाली. तुमचं 'बेने' खरं ठरलं. नाना हल्ली प्रत्येक फोनला माझ्या तब्येतीची चौकशी करतात, तरी मी तसूभरही मागे हटलेलो नाही. भर दवाखान्यात चक्कर आली ती मला, शब्दाला नाही."